गर्जेल तो पडेल काय?

‘गर्जेल तो पडेल काय?’ अशी एक म्हण आपल्या भाषेत फार दिवसांपासून रूढ आहे. वाचाळ पुढारी, बढाईखोर सावकार किंवा नोटिशीवर नोटिशी धाडणारा पण दावा कधीच न लावणारा पक्षकार यांची परीक्षा करावयास ती उत्तम आहे. आमच्या वकिलीच्या धंद्यात तिचा प्रत्यय रोज येतो. परंतु ज्या ढगावरून ही म्हण निघाली त्या ढगाविषयी मात्र ती साफ खोटी आहे, आणि नुसती खोटी नसून घातक आहे. माणसाची गर्जना पोकळपणाची खूण असेल. आकाशाची गर्जना ही वीज चमकून गेल्याची खूण आहे. विजेवाचून गडगडाट नाही. जो गर्जला त्याच्यापाशी वीज आहे, आणि ज्याच्यापाशी वीज आहे तो केव्हा कोठे पडेल याचा भरवसा नाही.

हा विषय आम्ही करमणुकीसाठी काढलेला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांप्रमाणे या देशात वीज पडून २०२१ साली २,८८० आणि २०२२ साली २,८८७ माणसे मेली. वर्षाच्या दिवसांनी भागले तर दररोज जवळजवळ आठ माणसे. पूर, थंडी, उष्माघात, दरडी अशा सर्व नैसर्गिक कारणांनी २०२२ साली जे मृत्यू झाले, त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू एकट्या विजेचे आहेत. पूर आला म्हणजे मंत्री विमानातून पाहणी करतात. वीज मात्र एका वेळी एका शेतात एकदोघांना उचलून नेते, म्हणून तिची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन ओळींत संपते. मरणारा बहुधा शेतकरी, शेतमजूर किंवा गुराखी असतो. त्याच्या मरणाला आवाज नसतो, एवढाच काय तो फरक.

आता वीज किती लांब आहे हे ओळखावे कसे? न्यायालयात एका घटनेचे दोन साक्षीदार असतात. एक घटना घडताच धावत येतो, दुसरा रमतगमत मागाहून येतो. दोघे एकाच ठिकाणाहून एकाच क्षणी निघाले एवढे सिद्ध झाले, आणि दुसऱ्याची चाल ठाऊक असली, म्हणजे ते ठिकाण किती लांब आहे हे कोणत्याही शाळकरी मुलास सांगता येईल. विजेची गोष्ट अगदी अशीच आहे. तिच्या वाटेतील हवा एका निमिषात सुमारे तीस हजार अंश तापते. ती स्फोटासारखी प्रसरण पावते, आणि त्या धक्क्याचाच गडगडाट होतो. चमक व गडगडाट जन्मतात एकाच वेळी. चमक सेकंदास तीन लाख किलोमीटर वेगाने येते, म्हणजे आपल्या कामापुरती ती तत्काळच आली. आवाज मात्र सेकंदास सुमारे ३४५ मीटर चालतो. म्हणून चमक दिसताच सेकंद मोजावयास लागावे, गडगडाटाचा पहिला आवाज कानी पडताच थांबावे, आणि आलेल्या आकड्यास तीनांनी भागावे. येईल तितके किलोमीटर वीज लांब होती.

घड्याळ जवळ नसले तरी अडत नाही. ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ असे सावकाश म्हणत गेले म्हणजे प्रत्येक आकड्यास साधारण एक सेकंद लागतो. ज्यांस किलोमीटरपेक्षा कोस जवळचा वाटतो त्यांनी सुमारे तीन किलोमीटरांचा कोस धरून दर नऊ आकड्यांस एक कोस मोजावा. सत्तावीस मोजून झाल्यावर गडगडले तर वीज तीन कोसांवर. नऊ मोजण्याच्या आतच गडगडले तर ती कोसाच्या आत आली. हे गणित इतके सोपे आहे की ज्यास शंभरापर्यंत आकडे येतात त्यास ते येते. त्याला यंत्र नको, इंग्रजी नको, पदवी नको.

परंतु जे सोपे असते त्याचा गैरवापरही सोपा असतो, म्हणून त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की, डोंगरांत आवाज कड्यांवर आपटून घुमतो. तेव्हा घुमणे संपेपर्यंत मोजीत बसू नये, पहिल्या आवाजाशीच थांबावे. दुसरी अशी की, चमकांमागून चमका होऊ लागल्या म्हणजे कोणता गडगडाट कोणत्या चमकेचा हे कळेनासे होते. साक्षीदारांची अशी गर्दी झाल्यावर जबानी टिपीत बसू नये, सरळ आसऱ्यास जावे. तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. हे गणित झालेल्या विजेचे अंतर सांगते, होणाऱ्या विजेचे सांगत नाही. मागची वीज दहा किलोमीटरांवर चमकली म्हणून पुढचीही तेथेच चमकेल असा करार तिने कोणाशी केलेला नाही. ढगाच्या पोटातून निघून दहा-पंधरा किलोमीटर दूर, जेथे पावसाचा थेंबही नाही अशा जागी वीज पडल्याचे नमुने पुष्कळ आहेत. आणि गडगडाट मुळी ऐकूच येतो तो फार तर पंधरा-वीस किलोमीटरांवरून. यावरून निघणारा निष्कर्ष उघड आहे: जो गडगडाट ऐकतो तो विजेच्या टप्प्यात उभा आहे. म्हणूनच जाणते लोक सांगतात की, तीस मोजण्याच्या आत गडगडले तर क्षणभरही बाहेर थांबू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास लोटेपर्यंत बाहेर पडू नये.

येथपर्यंत शास्त्र झाले. आता हे शास्त्र जव्हार-मोखाड्याच्या डोंगरावर नेऊन पाहू. पालघर जिल्ह्याचे हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायऱ्यांवर वसलेले आहेत. जव्हार गाव सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे, आणि मोखाड्याच्या पूर्वेस नाशिक जिल्ह्याचा घाटमाथा लागतो. वारली, कोकणा, कोळी, कातकरी, ठाकर हे येथील रहिवासी. खालच्या खाचरांत भात आणि वरच्या वरकस उतारावर नाचणी व वरई ही त्यांची पिके. येथे विजेचे दोन हंगाम आहेत. एक मृगाच्या आगेमागे, जेव्हा माणसे पेरणीसाठी उघड्यावर असतात. दुसरा हस्त-चित्रा नक्षत्रांत, परतीच्या पावसाचा, जेव्हा हळवे भात कापणीस येते. ऐन आषाढ-श्रावणात संततधार असते, पण गडगडाट थोडा. म्हणजे शेतकऱ्यास शेतात असणे ज्या दिवसांत सर्वांत जरूर, त्याच दिवसांत आकाश सर्वांत कोपलेले. हा योगायोग सोसण्यावाचून त्यास गत्यंतर नाही.

काही वर्षांपूर्वी हस्ताच्या दिवसांत एका दाव्याच्या कामासाठी आम्ही जव्हारहून मोखाड्याकडे भाड्याच्या मोटारीने चाललो होतो. तिसरा प्रहर होता. पूर्वेस त्र्यंबकच्या बाजूला ढगांचा काळा कोट उभा राहिला होता. रस्त्यालगतच्या खाचरात एक वृद्ध शेतकरी, त्याची सून आणि तीन मुले कापलेल्या भाताच्या पेंढ्या गोळा करीत होती. आम्ही उतरलो, चमक दिसताच मोजले, सत्तावीस भरले. आम्ही मोठ्या शहाणपणाने म्हणालो, “दादा, वीज अजून नऊ किलोमीटर लांब आहे. आता घरी चला.” त्यांनी हातातली पेंढी खाली न ठेवता दरीपलीकडच्या पाड्याकडे हनुवटीने दाखविले आणि म्हटले, “साहेब, ईज लांब हाय ती कळली. पन घर तिच्याहून लांब हाय, त्याचं काय?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. पाव तासाच्या आत वादळ डोक्यावर आले. आम्ही ती पाचही माणसे मोटारीत कोंबून घेतली, काचा वर केल्या आणि अर्धा तास मुकाट्याने बसून राहिलो. चहूकडून पत्र्याने बंद असलेली मोटार हा विजेपासून चांगला आसरा आहे. वीज पडलीच तर ती बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जाते. भात भिजले, माणसे वाचली. पण त्या दिवशी तेथे आमची मोटार होती. रोज कोठून असणार?

त्या वृद्धाचा प्रश्न आम्ही पुढे कागदावर मांडून पाहिला. वादळ ताशी तीस-चाळीस किलोमीटर चालते असे धरा. म्हणजे तीस आकड्यांवरचे, अर्थात दहा किलोमीटरांवरचे वादळ पंधरा-वीस मिनिटांत येऊन पोहोचते. ज्याचा पक्का आसरा पाच मिनिटांच्या वाटेवर आहे त्यास तीस आकड्यांचा नियम पुरतो. ज्याचा आसरा पाव तासावर आहे त्याने पहिला गडगडाट ऐकताच निघाले पाहिजे. आणि ज्यास दरी उतरून चढून जावयास अर्धा तास लागतो, त्याचे काय? अर्ध्या तासात वादळ पंधरा-वीस किलोमीटर येते, आणि गडगडाट ऐकू येण्याची सीमाही तीच आहे! म्हणजे त्याच्या कानाने कितीही इमानाने पहारा केला तरी इशारा मिळेतो वेळ निघून गेलेली असते. तेव्हा विजेचे अंतर मोजणे म्हणजे अर्धेच गणित झाले. उरलेले अर्धे छपराच्या अंतराचे आहे. पहिले अर्धे शेतकऱ्याने शिकावे. दुसरे अर्धे सोडविणे त्याच्या हाती नाही. ते सरकारचे आणि समाजाचे काम आहे.

पहिल्या अर्ध्याच्या आड मात्र आपल्याच समजुती येतात, आणि त्यांविषयी भीड धरून चालणार नाही. पायाळू माणसावर वीज पडते. मामा-भाचे एकत्र उभे राहिले तर वीज पडते. कोयता फेकून दिला म्हणजे वीज पडत नाही. या समजुती केवळ डोंगरातल्या पाड्यांतच आहेत असे कोणी समजू नये. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतूनही आम्ही त्या ऐकल्या आहेत. विजेला कोणाचा जन्म कसा झाला याची चौकशी नाही आणि नातेगोते तिला ठाऊक नाही. ती उंच व एकाकी वस्तू पाहते. म्हणून कोयता दूर फेकून मोहाच्या उंच झाडाखाली उभे राहणारा मनुष्य चोर समजून पाहुण्यास घालवितो आणि चोरास घरात घेतो. झाडावर पडलेली वीज मुळांवाटे जमिनीत पसरते आणि जवळच उभ्या असलेल्याच्या एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघते. गुरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर अधिक म्हणून झाडाखालचा कळपच्या कळप एकदम आडवा होतो.

याहूनही प्राणघातक समजूत अशी की, वीज पडलेल्या माणसास शिवू नये, त्याच्या अंगात वीज असते. काही प्रांतांत तर अशा माणसास शेणात पुरून ठेवतात. त्याच्या अंगात वीज मुळीच राहिलेली नसते. त्याचे हृदय थांबले असेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा जोराने दाबीत राहणे आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलाविणे हाच उपाय होय. पहिल्या काही मिनिटांत जो शिवत नाही तो, अज्ञानाने का होईना, त्या माणसास दुसऱ्यांदा मारतो. वेडेपणा आपल्याच वाट्यास आला आहे असेही नाही. युरोपात शतकानुशतके वीज पळविण्यासाठी देवळांच्या उंच मनोऱ्यांत घंटा वाजवीत, आणि ओली दोरी धरून उभे असलेले घंटावालेच पहिल्याने मरत. फ्रँक्लिनने अठराव्या शतकात विजेस वाट करून देणारी लोखंडी सळई दाखविल्यानंतरही ती घंटा थांबावयास वेळ लागला. पण ती थांबली. आपणही थांबू शकतो.

आता दुसऱ्या अर्ध्याकडे वळू. वीज पडून कोणी मेला म्हणजे तलाठी पंचनामा करतो, आकस्मिक मृत्यूची नोंद होते, आणि सर्वजण ‘देवाची करणी’ म्हणून मोकळे होतात. कायद्यातही हा शब्द आहे. पण कायदा तो इतक्या स्वस्तात वापरू देत नाही. जी घटना मनुष्याच्या वाजवी दूरदृष्टीने ओळखता आली नसती आणि वाजवी काळजीने टाळता आली नसती, तीच कायद्याच्या दृष्टीने देवाची करणी. जी ओळखता येते, जिचे अंतर शाळकरी मूल मोजू शकते, जिची चाहूल यंत्रांना आधी लागते, तिच्या बाबतीत हा बचाव कोणत्या तोंडाने पुढे आणावयाचा? वीज देव पाडतो असे घटकाभर मानू; पण शेतकऱ्याचे छप्पर अर्ध्या तासावर कोणी ठेवले?

यंत्रांविषयी आम्हांस अभिमानच वाटतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशभर ऐंशीहून अधिक विद्युत्-संवेदक बसवून ‘दामिनी’ नावाचे ॲप तयार केले आहे. मोबाइलधारकाच्या भोवती वीस व चाळीस किलोमीटरांच्या टप्प्यात वीज चमकत असल्यास ते त्यास सावध करते. कानाची सीमा वीस किलोमीटर, या यंत्राची चाळीस. म्हणजे ज्याचे घर अर्ध्या तासावर आहे त्यास नेमका जो अवधी कमी पडतो तोच हे स्वदेशी शास्त्र त्यास देऊ शकते. परंतु ते देते कोणास? ज्याच्यापाशी तसला मोबाइल आहे, तो विद्युत्भारित आहे आणि जेथे त्यास संदेश पोहोचतो अशा जागी जो उभा आहे, त्यास. जव्हार-मोखाड्याच्या दऱ्यांत या तिन्ही अटी पुरवू शकणारा मनुष्य बहुधा शेतात नसून कचेरीत असतो. पुण्यात उमटलेला इशारा मोखाड्याच्या कचेरीपर्यंत येऊन थांबला, तर तो गावच्या वेशीवर बसलेल्या जासुदासारखाच झाला.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत, आणि तिन्ही माफक आहेत. पहिली: जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालील प्रत्येक आश्रमशाळेत आणि जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत मृगापूर्वी हे मोजण्याचे गणित आणि छाती दाबण्याची क्रिया मुलांकडून करवून घ्यावी. मुलाने शिकलेले घरात शिरते. दुसरी: ज्यास ‘दामिनी’चा इशारा मिळतो अशा ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या सेवकाने तो मिळताच भोंगा वाजवावा, असा लेखी नेम करावा. मनोऱ्यातली घंटा विजेस भिववू शकली नाही. पक्क्या इमारतीच्या आतून वाजविलेला भोंगा माणसास घरी बोलावू शकेल. तिसरी आणि खरी मागणी: पाड्यापासून दूरच्या शिवारांत, दहा मिनिटांच्या वाटेत सापडतील असे, चारी भिंतींचे, विजेची सळई आणि जमिनीत नीट पोहोचलेली तार असलेले साधे आसरे बांधावेत. नुसता चार खांबांवरचा पत्रा नव्हे. त्याखाली उभे राहणे आणि झाडाखाली उभे राहणे यांत फारसा भेद नाही. कारवीच्या कुडाची झोपडीही या कामी निरुपयोगी होय. ज्या राज्याने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून देशास वाट दाखविली, त्या राज्यास डोंगरावर चार भिंती उभ्या करण्याचे काम सापडत नाही असे कोण म्हणेल?

यावर आक्षेप येईल की, जेथे पोषण, पाणी, रस्ते आणि पोटासाठी वीटभट्ट्यांवर होणारे स्थलांतर यांचेच प्रश्न सुटले नाहीत, तेथे विजेचे काय घेऊन बसलात? आक्षेप खोटा नाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्रास मान खाली घालावयास लाविले, हे आम्ही विसरलो नाही. परंतु एका दुःखाचे निमित्त करून दुसऱ्याकडे पाठ फिरविणे हा न्याय नव्हे. वीज घरातील कमावत्या हातावर पडते, आणि तो हात गेला म्हणजे वरील सर्व प्रश्न त्या घरात एकदम शिरतात. राज्य सरकार वीज पडून मेलेल्याच्या वारसांस चार लाख रुपये साहाय्य देते. ते योग्यच आहे. पण मेल्यावर चार लाख देणाऱ्याने जिवंतपणी चार भिंती देऊ नयेत, हा कोणत्या जमाखर्चाचा हिशेब?

१९४८ साली जव्हार संस्थान विलीन झाले आणि तेथील रयत स्वराज्याची नागरिक झाली. २०१४ साली पालघर जिल्हा निराळा झाला तो, सरकार डोंगराच्या जवळ यावे म्हणून. सरकार जवळ आले की नाही हे मोजण्याची आम्हांस एक सोपी रीत सुचते. हस्ताच्या दुपारी मोखाड्याच्या एखाद्या उतारावर उभे राहावे, चमक दिसताच मोजावयास लागावे, आणि त्याच वेळी जवळच्या पक्क्या छपराकडे चालू लागावे. जोवर वीज आधी पोहोचते आहे, तोवर सरकार अजून लांब आहे.